चित्र आणि ध्वनी समेवरच भेटू देत

प्रश्न: "मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. ७ मिनिटांचा एक इलेक्ट्रॉनिक तुकडा केलाय. देवळात आरतीला नगारा, झांज आणि घंटा एकाच मोटरवर वाजवणारं जे विजेचं यंत्र असतं, त्याचा एक फेरा कापून, संथ करून लूप केला आहे, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा वाजतो. त्यावर आजीच्या पेटीचा भाता, म्हणजे पट्टी न दाबता येणारा नुसता हवेचा आवाज, आणि गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आहे. मधे आजोबांच्या कॅसेटवरच्या नाट्यपदाचे ८ सेकंद. बीटवर उसळणारं व्हिज्युअलायझर लावून पाहिलं, पण सगळं मेल्यासारखं वाटतं. मित्र म्हणतात, राजवाड्याचे ड्रोन शॉट घाल. हाताशी फोन आहे आणि १५ हजार रुपये. ताई, व्हिडिओत दाखवू काय? आणि मुंबईला गेल्याशिवाय असलं काम होतं का?"

उत्तर:

तुझा तुकडा मी तीनदा ऐकला. एकदा चांगल्या हेडफोनवर, एकदा स्वयंपाकघरातल्या लहान स्पीकरवर आणि शेवटी फोनच्या स्पीकरवर. पहिल्या दोन्ही वेळा अंगावर काटा आला. तिसऱ्या वेळी ट्रान्सफॉर्मर गायबच झाला होता. त्याकडे येतेच, आधी व्हिज्युअलायझर.

ते मेल्यासारखं वाटतं हे तुझं तुला बरोबर कळलंय. नगाऱ्याचा ठोका पडला की गोल फुगतो, झांज वाजली की रेघ चमकते. दहाव्या सेकंदाला डोळ्याला पुढच्या ७ मिनिटांचं सगळं कळून चुकतं, आणि मग कानही ऐकायचा थांबतो. ख्यालात काय होतं ते आठव. विलंबितात तबलजी ठेका धरून बसलेला असतो. गवई आपल्या वाटेने हिंडत असतो, ठेक्याशी याचं काही देणंघेणं आहे की नाही असं वाटावं इतका लांब जातो, आणि मग दोघं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन भेटतात. दाद जाते ती तिथे. गवई प्रत्येक मात्रेला तबल्याला चिकटून गायला असता, तर सम कुठली हे कुणाला कळलंच नसतं. नवरात्रात तू गरब्याच्या फेरीत असतेस. शेजारची किती गिरक्या घेते, कशी वळते, हे तिचं तिचं असतं. टाळी मात्र सगळ्या वर्तुळाची एकदम पडते. बावीस वर्षं आवाज आणि चित्र दोन्हींवर काम करते आहे, आणि ही एकच गोष्ट मी ठामपणे सांगू शकते: चित्राने ध्वनीचं भाषांतर करू नये. दोघांनी आपापल्या वाटेने जावं आणि मोजक्या जागी भेटावं.

त्या जागा ठरवता येतात, आणि त्याला लागतं ते शाळेतलं गणित. तुझा लूप मिनिटाला ७५ मात्रांवर चालतो, म्हणजे एक मात्रा ०.८ सेकंदाची. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे २५ स्थिर चित्रांचा, ठेवलास तर एका मात्रेत बरोबर २० फ्रेम बसतात. लय ८० असती तर १८.७५ फ्रेम आल्या असत्या, आणि फ्रेमचा पाऊण भाग काही कापता येत नाही. कुठे ना कुठे जुळवून घ्यावं लागलं असतं. तू नशीबवान आहेस. तुझा फेरा १६ मात्रांचा, म्हणजे ३२० फ्रेमचा, १२.८ सेकंदांचा. आता चित्राचा फेरा ३०० फ्रेमचा धर, पुरत्या १२ सेकंदांचा. दोघं एकत्र निघतील आणि लगेच एकमेकांपासून सुटतील. ध्वनीचे १५ आणि चित्राचे १६ फेरे पुरे झाले की ४८०० व्या फ्रेमवर पुन्हा एकत्र येतील. ती वेळ येते ३ मिनिटं १२ सेकंद. त्यानंतरची भेट ६ मिनिटं २४ सेकंदांवर. ७ मिनिटांत सम दोनच वेळा. बघणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं, पण तीन मिनिटं सुटलेल्या दोन गोष्टी एका ठोक्यावर येतात तेव्हा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. हे मी प्रेक्षकांच्या मागे उभं राहून पुष्कळदा पाहिलं आहे.

चित्राचा फेरा म्हणजे तेच १२ सेकंद पुन्हा पुन्हा दाखवणं नव्हे. दर १२ सेकंदांनी एक घटना यावी, एवढंच. भाता मिटतो. दाराची सावली भिंतीवरून सरते. अधल्यामधल्या वेळात जे बदलायचं ते बदलू दे.

हे सगळं आधी आलेखाच्या कागदावर मांड. वरच्या ओळीत ध्वनीचे फेरे, खालच्या ओळीत चित्राचे, भेटीच्या जागी लाल खूण. सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर हे कधीच इतकं स्वच्छ दिसत नाही, कारण तिथे एका वेळी थोडाच भाग डोळ्यांपुढे असतो. गवई मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने याच गावात गायनशाळा काढली. गाणं कागदावर उतरवता यावं म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली होती. त्या शाळेपासून आजच्या विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीपर्यंत सरळ धागा आहे, आणि तू त्याच गावात बसून असा कागद आखणार आहेस याचा मला मनापासून आनंद आहे.

आता ट्रान्सफॉर्मर. तुझ्या तुकड्याचा जीव त्यात आहे, आणि काय दाखवू या प्रश्नाचं उत्तरही.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणला जातो आणि सैलावतो, म्हणून त्याची गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची, म्हणजे १०० हर्ट्‌झची असते. आजीच्या पेटीला खर्ज-नर अशा दोन रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पात्यांचे संच, एक खालचा, एक मधला) असतील तर डावीकडची पहिली पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, खर्जाच्या रीडवर दाबून बघ. सूर नीट लागलेला असेल तर तो ९८ हर्ट्‌झच्या आसपास येतो. म्हणजे गुणगुण पांढरी पाचच्या जराशी वर आहे, अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांश इतकी चढी. दोन्ही एकत्र धरलेस की सेकंदाला दोन आंदोलनं, म्हणजे आवाजाचे दोन चढउतार, ऐकू येतात, तंबोरा लावताना तारा जुळत येतात तेव्हा येतात तशीच. तुझ्या तुकड्यात चौथ्या मिनिटानंतर थोडं पोकळ वाटतं. तिथे आजीला ती एकच पट्टी धरायला सांग. इतका वेळ नुसता श्वास घेणाऱ्या पेटीतून पहिल्यांदा सूर निघेल, आणि तो गल्लीतल्या विजेशी झगडत राहील.

बरं, वीज तरी कुठे नेमकी ५० वर असते? देशभर मागणी वाढली की ती किंचित उतरते, घटली की चढते. ४९.९ ते ५०.०५ या पट्ट्यात ती राखायची असा नियम आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं, तेव्हापासून सगळा देश एका ठेक्यावर आहे. दांडिया बाजारातला ट्रान्सफॉर्मर आणि पुण्यातल्या तुझ्या मावशीच्या, आत्याच्या दारातला ट्रान्सफॉर्मर एका क्षणी एकाच सुरात गुणगुणत असतात. म्हणून ही गुणगुण पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा रेकॉर्ड कर. फरक कानाला एकदम कळणार नाही, पण पेटीवर धरलेल्या आंदोलनांची गती बदललेली सापडू शकेल.

त्याच तारेवर तुमच्या वाड्यातली ट्यूबलाइटही आहे. जुनी, चोकवाली असेल तर ती सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याला दिसतं, कारण त्याचा सेन्सर चौकट एकदम टिपत नाही, एकेक ओळ करत टिपतो. फोन तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेव, हाताने सेटिंग बदलता येणारं कॅमेरा-ॲप घे, २५ फ्रेम, शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/१००० सेकंद, आणि त्या उजेडातली चुन्याची भिंत दाखव. भिंतीवर फिकट-गडद पट्टे उमटतील. १०० ला २५ ने नि:शेष भाग जातो, म्हणून ते जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतील. देशाच्या विजेने ५० वरून ४९.९५ वर उतरायचा अवकाश, पट्टे सरकू लागतील, १० सेकंदांत एक पट्टा इतक्या संथपणे. तुझी गुणगुण भिंतीवर चालताना दिसेल. जो आवाज आहे त्याचंच हे चित्र, पण बीटशी त्याचा काही संबंध नाही. ते आपल्या तालावर सरकतंय. राजवाड्यावरून ड्रोन फिरवून हे हाती लागणार नाही. तितक्या उंचीवर तुझ्या तुकड्यातला एकही आवाज पोचत नाही, म्हणून ते चित्र त्याचं नाही. लक्ष्मी विलास सुंदर आहे, पण तो या तुकड्यात राहत नाही.

एक सावधगिरी. अलीकडच्या कित्येक एलईडी दिव्यांत हे पट्टे दिसतच नाहीत, तेव्हा चोकवाली ट्यूब शोधून आधी अर्धा मिनिट टिपून बघ. आणि पट्टे संथ आहेत तोवर ठीक. अख्खी चौकट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू देऊ नकोस. अपस्माराचा त्रास असलेल्यांना त्याने खरोखर झटका येऊ शकतो.

बाकीच्या शॉटना मात्र शटर १/५० किंवा १/१०० ठेव. फोन बरेचदा आपण होऊन ३० फ्रेम आणि १/६० निवडतात, आणि आपल्या विजेच्या दिव्यांखाली उजेड थरथरू लागतो. मी सुरुवातीच्या दिवसांत एका सभागृहात पूर्ण रात्र असं शूट केलं होतं. वादक परत येणं शक्य नव्हतं. ते सगळं चित्रण आजही माझ्याकडे पडून आहे, एकही मिनिट वापरता आलं नाही. दुसरं असं की बरेच फोन फ्रेमचा वेग स्थिर राखत नाहीत, उजेडाप्रमाणे वरखाली करतात. तुझं सगळं गणित फ्रेमवर उभं आहे, म्हणून प्रत्येक क्लिप संकलनाआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ वर काढून घे. संकलनाला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर झाली. ध्वनीची फाइल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट.

फोनच्या स्पीकरवर ट्रान्सफॉर्मर का हरवला? स्पीकरच्या आतल्या इतक्या चिमुकल्या कंपणाऱ्या पडद्याला १०० हर्ट्‌झ हलवताच येत नाही. आवाज मोठा करून उपयोग नाही. तंबोऱ्याला जवारी लावतात तेव्हा काय होतं? तारेच्या मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर जागे होतात. तेच इथे कर. गुणगुणीच्या एका प्रतीवर हलकं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित खरखरीत करणारा परिणाम, चढव, म्हणजे २००, ३००, ४०० हर्ट्‌झ वर येतील. कानाची गंमत अशी की हे वरचे सूर मिळाले की मूळ १०० चा तो स्वतःच अंदाज बांधतो. फोनवरही गुणगुण खालची, जड वाटू लागेल. मूळ प्रत तशीच ठेव, हेडफोनवाल्यांसाठी. भाता तू डावीकडून उजवीकडे फार छान फिरवला आहेस, पण एकदा मोनो करून ऐक. लहान सभागृहांत डावं-उजवं एकत्र करूनच वाजवतात, आणि फेज (ध्वनिलहरींचे चढउतार) उलटी करून रुंद केलेला आवाज तिथे अक्षरशः पुसला जातो. तुझा भाता मोनोत निम्मा होतो, मी पाहिलं.

कॅसेटचे ८ सेकंद काढ. ८ सेकंद किंवा १० सेकंदांपर्यंत चालतं असं सगळे सांगतात, कायद्यात तशी कुठलीही सूट नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, आणि पद लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. परवानगी मिळवता येत असेल तर मिळव. पण मला विचारशील तर तो तुकडा तसाही उपरा वाटतो. बाकी सगळे आवाज तू स्वतः उभं राहून टिपले आहेस, हा एकटाच उसना आहे. आजोबांची आठवण ठेवायची असेल तर कॅसेट प्लेयरचं बटण दाबल्याचा आवाज आणि गाणं सुरू होण्याआधीची फितीची सरसर ठेव. गाणं सुरू होऊच देऊ नकोस.

मुंबईबद्दल. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विजेवर सूर तयार करणारं मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ उभा केला. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तिथे काम केलं. मग ते बंद पडलं आणि फिती संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुरगस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या, आणि २०२३ साली त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. ते ऐक. काही तुकडे कच्चे आहेत, पण यंत्राला विचारल्याशिवाय कुणी पुढे गेलेलं नाही, हे त्यांत ऐकू येतं. मुंबईतही याहून वेगळं काही घडलं नाही. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. शिकागोत ॲसिड हाउस हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत जन्माला यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा कुणी विशेष दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. गाव कुठलं यापेक्षा फिती जपल्या गेल्या म्हणून हे आपल्यापर्यंत आलं. तुझं प्रत्येक मूळ रेकॉर्डिंग तारीख, वेळ आणि जागेसकट दोन ठिकाणी ठेव, प्रोजेक्ट-फाइलवर विसंबू नकोस.

आणि चित्राचं म्हणशील तर दादासाहेब फाळके कॅमेरा हाताळायला शिकले ते इथल्या कलाभवनात. मुंबईला जायचं असेल तर खुशाल जा, पण या तुकड्यासाठी नको. याचे सगळे आवाज वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

१५ हजारांतला मोठा वाटा बंद कपांच्या चांगल्या हेडफोनवर घाल, उरलेल्यात तिकाटणं. कॅमेरा घेऊ नकोस. शिवाय इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पिएझोच्या, म्हणजे वस्तूतली थरथर थेट पकडणाऱ्या, चार-पाच पितळी चकत्या आण, बझरमध्ये असतात त्या; किरकोळ किमतीत मिळतात. वायर डाखून चकती पेटीच्या लाकडाला आणि आरतीच्या यंत्राच्या सांगाड्याला टेपने चिकटव. लावताना इंटरफेसवर (आवाज संगणकात घेणाऱ्या डब्यावर) गिटारसाठी असलेल्या इनपुटलाच लाव, साध्या लाइन इनपुटला आवाज पातळ येतो. हवेतून येणारा नगारा तुझ्याकडे आहेच. सांगाड्यातून येणारी मोटरची घरघर, पट्ट्याची घसट आणि दांडा उचलला जातानाची ती छोटीशी खटक तुझ्याकडे नाही. पुजाऱ्यांना आधी विचार आणि आरतीच्या वेळी जाऊ नकोस, दुपारी जा.

आजीचे हात दाखवू नकोस. सुरकुतलेले हात आणि मागे मंद संगीत, हे इतक्यांनी केलंय की आता त्यात तुझी आजी दिसणार नाही, कुठलीही आजी दिसेल. भात्याच्या घड्या दाखव, जवळून, कडेने येणाऱ्या उजेडात. भाता उघडताना घडीच्या खाचेत अंधार भरतो आणि मिटताना निघून जातो. ते तिचेच हात आहेत.

यंत्र मात्र ३ मिनिटं १२ सेकंदांपर्यंत अजिबात दाखवू नकोस. तोवर लोकांना हा नगारा एखाद्या सॉफ्टवेअरमधला वाटू दे. पहिल्या समेला, ठोक्याच्या नेमक्या फ्रेमवर, नगाऱ्यावर पडणारा दांडा दिसू दे, मूळ वेगाहून तितकाच संथ केलेला, जितका तू आवाज संथ केला आहेस. एकच फेरा, १२ सेकंद, की परत भिंत आणि पट्टे.

दुसऱ्या समेला, ६ मिनिटं २४ सेकंदांवर, लूप थांबव आणि त्याच फ्रेमला ट्यूबलाइटचं बटण बंद कर. वाड्यातला दिवा जाईल, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर चालूच राहील. उरलेली ३६ सेकंदं पडदा काळा असू दे, त्यावर फक्त गुणगुण आणि भाता. शेवट फेड-आउट करू नकोस. आजीला सांग, हात दमला की सोडून दे, आणि ती जिथे सोडेल तिथे तुकडा संपव.